प्लॅटिनमचं नवीन कॅन्सर-औषध बनवायला घेताय? मग आयसी-फिफ्टीच्या आधी हे बघा

एमएस्सीचं प्रोजेक्ट असो की पीएचडीची सुरुवात, प्लॅटिनमवर काम करायचं ठरलं की बरेच जण एकच करतात. लॅबमधे जो लिगँड (धातूला जोडायचा रेणू) आधीच बनून पडलाय तो उचलायचा, त्याला प्लॅटिनम लावायचं, दोन-तीन सेल लाइनवर (लॅबमधे वाढवलेल्या पेशी) एमटीटी नावाची रंगाची टेस्ट करून घ्यायची आणि आयसी-फिफ्टी, म्हणजे निम्म्या पेशी थांबवायला लागणारं औषधाचं प्रमाण, जुन्या सिसप्लॅटिन या औषधापेक्षा कमी आलं की झालं, नवीन औषध मिळालं म्हणून लिहायला बसायचं. असे हजारो कंपाउंड आजवर बनलेत. त्यातले जगभर वापरात आलेले किती, तर तीन: सिसप्लॅटिन, कार्बोप्लॅटिन आणि ऑक्सॅलिप्लॅटिन. नेडाप्लॅटिन जपानमधे, लोबाप्लॅटिन चीनमधे आणि हेप्टाप्लॅटिन कोरियात, ही तिघं मोजक्या देशांपुरतीच राहिली. म्हणजे मॉलिक्यूल बनवता येणं हा अडथळा कधी नव्हताच, अडतं ते पुढे, आणि कुठे अडणार हे बरंचसं पहिल्याच आठवड्यात कागदावर ठरलेलं असतं.

म्हणून हुडखाली (वाफा ओढून घेणारं लॅबमधलं कपाट) जायच्या आधी एकच प्रश्न लिहून काढा: सिसप्लॅटिनची कुठली अडचण माझा मॉलिक्यूल सोडवणार आहे? अडचणी ओळखीच्या आहेत. किडनीला मार बसतो, ऐकायला कमी येतं, हातापायाला मुंग्या येऊन नर्व्ह खराब होतात, उलट्या तर भयानक. ट्यूमर काही काळ दबतो आणि मग रेझिस्टंट होऊन परत येतो. औषध शिरेतूनच द्यावं लागतं, गोळी नाही. यातली एक निवडा, सगळ्या एकदम सोडवतो म्हणू नका. ते एक वाक्य नसेल तर पुढची प्रत्येक टेस्ट कशासाठी करतोय हेच कळत नाही.

आधी जुनं औषध नीट समजून घ्या

सिसप्लॅटिन पहिल्यांदा बनवलं मिकेले पेरोने यांनी, १८४४-४५ च्या सुमारास, तेव्हा कॅन्सरचा काही संबंधच नव्हता. त्याची रचना कशी असेल हे आल्फ्रेड वेर्नर यांनी १८९३ मधे मांडलं. पुढे मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत बार्नेट रोझेनबर्ग विजेच्या फील्डचा बॅक्टेरियावर काय परिणाम होतो ते बघत होते, इलेक्ट्रोड प्लॅटिनमचे होते, आणि ई. कोलायचं विभाजन थांबून पेशी नुसत्या लांब लांब वाढत गेल्या, ३०० पटीपर्यंत. कारण वीज नव्हतीच, इलेक्ट्रोडमधून सुटलेलं थोडंसं प्लॅटिनम बफरमधल्या अमोनियम क्लोराइडबरोबर कंपाउंड बनवत होतं. हे १९६५ चं काम, १९६९ ला उंदरांमधले ट्यूमर कमी झालेले दिसले आणि १९७८ ला अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली.

आता ते काम कसं करतं, कारण डिझाइन सगळं यातूनच निघतं. रक्तात क्लोराइड साधारण १०० मिलिमोलर असतं, त्यामुळे सिसप्लॅटिनचे (मधे प्लॅटिनम, त्याला दोन अमोनिया आणि दोन क्लोराइड) दोन क्लोराइड बऱ्यापैकी जागेवर राहतात. पेशीच्या आत क्लोराइड बरंच कमी, ४ ते २० मिलिमोलर, तिथे क्लोराइड सुटून पाणी लागतं आणि हा पाणीवाला फॉर्म खरा रिअॅक्टिव्ह. तो डीएनएमधल्या ग्वानिनच्या एन-७ नायट्रोजनला धरतो. दोन हात आहेत, दुसरा हात शेजारच्या बेसला धरतो. शेजारी-शेजारी दोन ग्वानिन असा क्रॉसलिंक साधारण ६५ टक्के आणि अॅडेनिन-ग्वानिन असा २५ टक्के. डीएनए तिथे वाकतो, वाकलेल्या जागी एचएमजीबी-१ सारखी प्रोटीन्स येऊन बसतात, ट्रान्सक्रिप्शन (डीएनएवरून आरएनए बनणं) अडकतं, दुरुस्ती जमली नाही तर पेशी मरते. ट्रान्सप्लॅटिनमधे अणू तेच सगळे, फक्त क्लोराइड समोरासमोर, त्यामुळे शेजारचे दोन ग्वानिन त्याला धरता येत नाहीत आणि औषध म्हणून ते निकामी.

यातून दोन गोष्टी वेगळ्या करून डोक्यात ठेवा. जो ग्रुप सुटून जातो, लीव्हिंग ग्रुप, तो ठरवतो वेग, म्हणजे औषध किती लवकर जागं होतं आणि वाटेत किती उपद्रव करतं. जो ग्रुप सुटत नाही, अमाइनवाला, तो डीएनएवर तसाच बसून राहतो आणि पेशीला ती जखम कशी दिसते हे ठरवतो. कार्बोप्लॅटिनमधे फक्त लीव्हिंग ग्रुप बदलला, क्लोराइडच्या जागी सायक्लोब्यूटेन डायकार्बोक्झिलेट आलं, वेग खूप कमी झाला, किडनीचा त्रास उतरला (त्याऐवजी प्लेटलेट पडतात, तो त्याचा मुख्य त्रास). पण डीएनएवरची जखम शेवटी सिसप्लॅटिनचीच, म्हणून सिसप्लॅटिनला दाद न देणारा ट्यूमर सहसा कार्बोप्लॅटिनलाही देत नाही. ऑक्सॅलिप्लॅटिनमधे अमाइनच बदललं, डायअमिनोसायक्लोहेक्झेन, तेही आर-आर आयसोमर, आणि ते चाललं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर जिथे सिसप्लॅटिन फारसं कामाचं नव्हतं. २०१७ मधे तर असंही दाखवलं गेलं की ऑक्सॅलिप्लॅटिन पेशी मारतं त्यात रायबोसोम बनण्याच्या प्रक्रियेवरचा ताण हा मोठा भाग आहे, नुसतं डीएनए नाही.

म्हणजे टॉक्सिसिटी कमी करायची असेल तर लीव्हिंग ग्रुपशी खेळा, रेझिस्टन्स तोडायचा असेल तर अमाइन बदला. ही उलटापालट झाली तर दोन वर्षं चुकीच्या बाजूला जातात.

कुठला रस्ता घ्यायचा

१९७३ मधे क्लेअर आणि होशेले यांनी नियम मांडले होते: कॉम्प्लेक्स न्यूट्रल हवं, सिस (सुटणारे दोन ग्रुप शेजारी-शेजारी) हवं, अमाइनवर निदान एक एन-एच हवा, लीव्हिंग ग्रुप फार घट्ट नको फार सैल नको. या चौकटीत राहून नवीन काही काढणं आता अवघड आहे, जवळपास सगळं कोणीतरी करून ठेवलंय.

चौकटीबाहेरचे रस्ते म्हणजे मोनोफंक्शनल कॉम्प्लेक्स, उदाहरणार्थ फेनान्थ्रिप्लॅटिन, जे एकाच हाताने डीएनए धरतं पण वरचा मोठा सपाट लिगँड ट्रान्सक्रिप्शन अडवतो. मग दोन-तीन प्लॅटिनम एका साखळीत जोडलेले, मग लायपोसोम नाहीतर पॉलिमरमधे भरून द्यायचे प्रकार. आणि प्लॅटिनम-फोर, म्हणजे ऑक्सिडेशन स्टेट चार असलेलं प्लॅटिनम (सिसप्लॅटिनसारखी औषधं प्लॅटिनम-टू).

माझं मत विचाराल तर नवीन माणसाने प्लॅटिनम-फोरपासून सुरुवात करावी. प्लॅटिनम-टू चौकोनी सपाट असतं, फोरमधे वर-खाली आणखी दोन जागा मिळतात, तिथे तुम्हाला हवं ते लावता येतं, फॅटी चेन लावा, दुसरं एखादं औषध लावा, टार्गेट करणारा पेप्टाइड लावा. बाहेर ते बरंच शांत राहतं, पेशीत गेल्यावर अॅस्कॉर्बेट (व्हिटॅमिन सी) आणि ग्लुटाथायोन (पेशीतला सल्फरवाला रेणू) त्याला रिड्यूस करतात, म्हणजे इलेक्ट्रॉन देऊन प्लॅटिनम-टू बनवतात, वर-खालचे लिगँड गळतात आणि आत ओळखीचं सिसप्लॅटिन नाहीतर ऑक्सॅलिप्लॅटिन मोकळं होतं. रिड्यूस किती लवकर व्हावं हे वर-खालच्या लिगँडवर बऱ्यापैकी ठरतं, क्लोराइड असेल तर पटकन, कार्बोक्झिलेट असेल तर मधलं, हायड्रॉक्साइड असेल तर सावकाश. पटकन म्हणजे चांगलं असं नाही हां, रक्तातच रिड्यूस झालं तर एवढी मेहनत करून तुम्ही शेवटी सिसप्लॅटिनच टोचलं.

बनवताना

एक गोष्ट कोणी नीट सांगत नाही म्हणून आधी सांगतो. पोटॅशियम टेट्राक्लोरोप्लॅटिनेट आणि तशी क्लोरो-सॉल्ट्स यांची अॅलर्जी बसते, शिंका, दमा, अंगावर पुरळ, आणि एकदा सेन्सिटायझेशन झालं की नंतर अगदी थोड्यानेही त्रास होतो, काहींना हे काम सोडावं लागतं. त्यामुळे वजन हुडमधे करायचं, ग्लोव्हज नायट्राइलचे, पावडर उडू द्यायची नाही. सिसप्लॅटिन स्वतः कॅन्सर करू शकणाऱ्यांच्या यादीत आहे हेही विसरू नका. धातूचा स्पॅच्युला वापरू नका, प्लास्टिक नाहीतर टेफ्लॉनचा घ्या. अॅल्युमिनियमचा भाग असलेली सुई तर अजिबात नाही, प्लॅटिनम कंपाउंड अॅल्युमिनियमशी रिअॅक्ट होऊन काळा गाळ पडतो.

सिसप्लॅटिनची चौकट बनवायची तर धारा मेथड शिकून घ्या, १९७० पासूनची आहे आणि अजून तिला तोड नाही. का, तर लाल टेट्राक्लोरोप्लॅटिनेटमधे सरळ अमोनिया टाकला की मिश्रण होतं, हिरवा गाळ दिसला तर समजा मॅग्नसचं सॉल्ट पडलंय. त्यापेक्षा आधी पोटॅशियम आयोडाइड टाका. आयोडाइडचा ट्रान्स इफेक्ट जबरदस्त, म्हणजे तो आपल्या समोरच्या ग्रुपला आधी बाहेर काढतो, अमोनियाचा तेवढा नाही. त्यामुळे पहिला अमोनिया एका आयोडाइडच्या समोर बसतो, आणि दुसऱ्या अमोनियाची वेळ येते तेव्हा जो आयोडाइड अजून दुसऱ्या आयोडाइडच्या समोर आहे तोच सुटतो. दोन अमोनिया शेजारी-शेजारी येतात, म्हणजे सिस.

प्रत्यक्षात असं करतात. १ ग्रॅम टेट्राक्लोरोप्लॅटिनेट म्हणजे २.४१ मिलिमोल, पाण्यात विरघळवून गाळून घ्या, तळाला काळपट कण असतील ते आधीच रिड्यूस झालेलं प्लॅटिनम असतं. पोटॅशियम आयोडाइड चार इक्विव्हॅलंटपेक्षा (प्लॅटिनमच्या चौपट मोल) जरा जास्तच, २.४ ग्रॅमपर्यंत चालेल. लाल रंग गडद होत होत जवळपास काळा होतो. अंधारात थोडा वेळ ढवळू द्या, मग अमोनियाचं द्रावण थेंब थेंब सोडा, पिवळा गाळ लगेच पडायला लागतो. गाळा, भरपूर पाण्याने धुवा, मग थंड इथेनॉल, मग ईथर. धुण्यात अजिबात कंटाळा करू नका, कारण पुढच्या पायरीला सिल्व्हर नायट्रेट येतंय, आणि सिल्व्हर आणि अमोनिया एकत्र राहून वाळले तर स्फोट होणारी सॉल्ट्स तयार होऊ शकतात.

पुढे हा पिवळा डायआयोडो पाण्यात घ्या आणि सिल्व्हर नायट्रेट दोन इक्विव्हॅलंटपेक्षा किंचित कमी टाका, १ ग्रॅम डायआयोडोला ०.६९ ग्रॅमच्या आसपास बसतं. फॉइल गुंडाळून रात्रभर ढवळा. इथे एक अडचण येते, तुमचं स्टार्टिंग मटेरियल पिवळं आणि बनणारं सिल्व्हर आयोडाइड पण पिवळं, म्हणजे फ्लास्ककडे बघून काहीच कळत नाही झालं की नाही. म्हणून घाई न करता वेळ द्यायचा. मग सेलाइटमधून गाळा आणि वर बारीक मेम्ब्रेन फिल्टर, पाणी आरपार स्वच्छ दिसलं पाहिजे. त्यातला एक थेंब काढून वेगळा मिठाच्या पाण्यात टाका, पांढुरकं झालं तर सिल्व्हर उरलंय. हे करायचंच. सिल्व्हर आयन पेशींना चांगलंच विषारी असतं, सिल्व्हर राहिलेलं सॅम्पल एमटीटीत झकास दिसतं आणि सगळे खूश होतात, पण मारलं सिल्व्हरने आणि नाव लागलं प्लॅटिनमचं. स्वच्छ झालेल्या द्रावणात पोटॅशियम क्लोराइड जास्तीचं टाकलं की थोड्या वेळाने सिसप्लॅटिनचे पिवळे स्फटिक खाली बसतात. १ ग्रॅम टेट्राक्लोरोप्लॅटिनेटपासून जास्तीत जास्त ०.७२ ग्रॅम मिळू शकतं, प्रत्यक्षात त्यापेक्षा कमीच.

सिस आहे की ट्रान्स हे बघायला जुनी कुर्नाकोव्ह टेस्ट आजही पाच मिनिटांत उत्तर देते. थायोयुरियाबरोबर गरम करा, सिस असेल तर चारही जागी थायोयुरिया बसून द्रावण पिवळं होतं, ट्रान्स असेल तर दोनच बसतात आणि थंड झाल्यावर पांढरे सुईसारखे स्फटिक पडतात.

प्लॅटिनम-फोर करायचं तर याच सिसप्लॅटिनवर हायड्रोजन पेरॉक्साइड, गरम पाण्यात काही तास, दोन हायड्रॉक्साइड वर-खाली बसतात. त्यावर मग अनहायड्राइड टाकून कार्बोक्झिलेट लावता येतं, एकच बाजू हवी असेल तर एकच इक्विव्हॅलंट आणि धीर. पेरॉक्साइड स्फटिकात अडकून राहतं, म्हणून नीट धुवायचं आणि पेरॉक्साइडवालं द्रावण कधीही गरम करून आटवायचं नाही. गाळलेलं पाणी, टिश्यू, फिल्टर पेपर, सगळं वेगळ्या बाटलीत जमा करा, प्लॅटिनम परत काढता येतं आणि सिंकमधे तर ते जाताच कामा नये.

खरंच तेच बनलंय का

प्लॅटिनम-१९५ चा एनएमआर (अणूच्या आजूबाजूची रचना दाखवणारी टेस्ट) हा तुमचा सगळ्यात जवळचा मित्र. साधारण एक तृतीयांश प्लॅटिनम १९५ असतं, स्पिन अर्धा, आणि शिफ्टची रेंज हजारो पीपीएमची, त्यामुळे आजूबाजूचा एक अणू बदलला तरी पीक कुठच्या कुठे जातं. सिसप्लॅटिन उणे २१०० च्या जवळ, डायआयोडो उणे ३२०० च्या पलीकडे, आणि प्लॅटिनम-फोरचे डायकार्बोक्झिलेट शून्याच्या वर, अधिक १००० च्या आसपास. एका स्पेक्ट्रममधे कळतं फोर झालंय की टूच राहिलंय. मास स्पेक्ट्रममधे १९४, १९५, १९६ असे तीन उंच आणि १९८ चा एक छोटा असा प्लॅटिनमचा ठसा दिसतोच, तो पॅटर्न कॅल्क्युलेट केलेल्यावर ठेवून बघा, नुसतं वजन जुळलं म्हणून सोडू नका. सीएचएन अॅनालिसिस (कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजनचं प्रमाण), एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन) ९५ टक्क्यांच्या वर शुद्धता, आणि क्रिस्टल मिळाला तर फारच उत्तम.

स्टॉक (पुढच्या टेस्टसाठी ठेवायचं द्रावण) कशात करताय?

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि सगळ्यात कमी विचारला जाणारा. सेल कल्चरवाले सवयीने सगळं डीएमएसओ या सॉल्व्हंटमधे विरघळवतात. प्लॅटिनम-टूसाठी हे घातक आहे. डीएमएसओचा सल्फर प्लॅटिनमला आवडतो, तो क्लोराइड काढून स्वतः बसतो, आणि फ्रीजरमधे ठेवलेल्या बाटलीवर लेबल सिसप्लॅटिनचं असतं पण आत वेगळंच काहीतरी, ज्याची पेशी मारायची ताकद बरीच गेलेली. २०१४ मधे यावर स्पष्ट पेपर आला, डीएमएसओला नाही म्हणा असंच त्याचं म्हणणं होतं, तरी अजून लोक करतात. आणि यात दुहेरी घोळ होतो बघा, कंट्रोल म्हणून ठेवलेलं सिसप्लॅटिन डीएमएसओने मारून ठेवलं की त्याच्याशेजारी तुमचा नवीन मॉलिक्यूल आपोआप भारी दिसतो. एनएमआर काढला तर उणे २१०० चं पीक उणे ३१०० कडे सरकलेलं दिसेल, पटत नसेल तर एकदा करून बघा.

मग काय वापरायचं? सिसप्लॅटिन ०.९ टक्के सलाइनमधे, १ मिलिग्रॅम पर मिली, प्रकाशापासून लांब, आणि फ्रिजमधे ठेवू नका कारण थंडीत ते खाली बसतं. ऑक्सॅलिप्लॅटिनला उलटं, सलाइन चालत नाही, तिथे क्लोराइड येऊन ऑक्सॅलेटची जागा घेतं, म्हणून हॉस्पिटलमधे ते ५ टक्के डेक्स्ट्रोजमधेच देतात. तुमचा कंपाउंड पाण्यात जात नसेल तर डीएमएफ हे दुसरं सॉल्व्हंट बघा, टाकताना ताजं बनवा, आणि पेशींवर तेवढंच डीएमएफ एकटं टाकून कंट्रोल ठेवा.

स्टॉक ठरला की मग स्टॅबिलिटी, आणि ही पेशींच्या आधी करायची, नंतर रिव्ह्यूअरने मागितली म्हणून नाही. ३७ डिग्रीला सलाइनमधे, फॉस्फेट बफरमधे, सीरम घातलेल्या मीडियममधे, एचपीएलसीवर दर काही तासांनी बघत ७२ तासांपर्यंत, कारण एमटीटी तुम्ही ७२ तासांचीच करणार आहात ना. सिसप्लॅटिनमधला पहिला क्लोराइड ३७ डिग्रीला साध्या पाण्यात साधारण दोन तासांच्या हाफ-लाइफने सुटतो, तो तुमचा मापदंड. मग ग्लुटाथायोनबरोबर ठेवा, पेशीत ते मिलिमोलरमधे असतं आणि प्लॅटिनम गिळून टाकतं. ग्वानोसिन मोनोफॉस्फेटबरोबर ठेवून एनएमआर घ्या, एच-८ चा पीक ८.२ च्या आसपासून पुढे सरकला की एन-७ धरला गेला. प्लॅटिनम-फोर असेल तर अॅस्कॉर्बेटबरोबर किती वेळात रिड्यूस होतं आणि बाहेर नक्की काय पडतं ते पकडा, कारण दर वेळी तुम्हाला वाटतं तेच गळतं असं नाही, कधी कधी आतलेही ग्रुप जातात.

पेशींवर

एकाच सेल लाइनवर थांबू नका. रेझिस्टन्स हा तुमचा मुद्दा असेल तर जोडी हवी, ए-२७८० आणि तिची सिसप्लॅटिन-रेझिस्टंट बहीण ए-२७८०-सिस, ओव्हरीच्या कॅन्सरची. दोन्हीवरचं आयसी-फिफ्टी काढून भागाकार करा, सिसप्लॅटिनचा आकडा मोठा येतो, तुमचा १ च्या जवळ आला तर खरंच काहीतरी हाताला लागलंय. आणि ही रेझिस्टंट लाइन अधूनमधून सिसप्लॅटिन देऊन तशीच ठेवावी लागते, नाहीतर पॅसेज (पेशी पुन्हा पुन्हा नव्या थाळीत वाढवणं) होत होत रेझिस्टन्स उतरतो. सोबत एक कॅन्सर नसलेली लाइन ठेवा, एमआरसी-५ सारखी, पण थाळीतल्या सिलेक्टिव्हिटीवर फार भरवसा टाकू नका. किडनी ही थाळीत नसते.

आयसी-फिफ्टीबद्दल एवढं का बोलतोय ते कार्बोप्लॅटिनकडे बघितलं की कळेल. थाळीत कार्बोप्लॅटिन सिसप्लॅटिनपेक्षा कित्येक पट कमजोर दिसतं, २४ तासांची टेस्ट लावली तर जवळपास निकामीच. आजच्या सवयीने कोणी ते स्क्रीन केलं असतं तर पहिल्याच फेरीत फेकून दिलं असतं. आणि ते १९८९ पासून अमेरिकेत मंजूर आहे आणि जगभर असंख्य पेशंटना दिलं जातं, कारण ते जास्त डोसने देता येतं आणि किडनीला झेपतं. म्हणजे ताकद जास्त असणं आणि औषध चांगलं असणं यांचा थेट संबंध नाही.

एमटीटी पेशी मेल्या का हे मोजत नाही, पेशींचं मेटाबॉलिझम मोजतं. थायोलवाले कंपाउंड एमटीटीचा रंग स्वतःच बदलतात, म्हणून पेशी न टाकता एक ओळ तशीच लावून बघा. मिळालेलं उत्तर कॉलनी अॅसेने (औषधानंतर किती पेशी परत वाढून वसाहत करतात ते मोजणं) पक्कं करा. प्लॅटिनम आत किती गेलं आणि त्यातलं डीएनएवर किती बसलं हे आयसीपी-एमएसने (धातूचं अगदी थोडं प्रमाणही मोजणारं मशीन) मोजा, हा आकडा मला स्वतःला आयसी-फिफ्टीपेक्षा जास्त काही सांगून जातो. आत भरपूर गेलं आणि डीएनएवर काहीच नाही तर तुमचा कंपाउंड दुसऱ्याच कशाला तरी धरतोय. आत गेलंच नाही तर लायपोफिलिसिटी (चरबीत विरघळण्याची ओढ) बघा, पण ती वाढवताना भान ठेवा, चरबीत जास्त विरघळणारा मॉलिक्यूल सगळ्याच पेशींत घुसतो.

वर-खाली दुसरं औषध लावलेलं प्लॅटिनम-फोर असेल तर आणखी एक कंट्रोल लागतो, सिसप्लॅटिन आणि ते औषध नुसतं मिसळून त्याच प्रमाणात. जोडलेलं त्यापेक्षा चांगलं चाललं तरच जोडण्यात अर्थ.

उंदरांपर्यंत गेलात तर

एथिक्स कमिटीची परवानगी, आणि टॉक्सिकॉलॉजीवाला माणूस पहिल्या दिवसापासून सोबत. आधी किती डोस सहन होतो ते, मग झेनोग्राफ्ट (उंदरात वाढवलेला माणसाचा ट्यूमर). ट्यूमर किती छोटा झाला याबरोबर उंदराचं वजन, ब्लड युरिया, क्रिएटिनिन, किडनीचा स्लाइड, आणि तुमचा दावा नर्व्हचा असेल तर नर्व्हचा. सिसप्लॅटिनशी तुलना दोघांच्या सहन होणाऱ्या डोसवर करा, सारख्या मिलिग्रॅमवर नाही, हे फार जण चुकवतात. रक्तात प्लॅटिनम मोजताना एकूण आणि मोकळं वेगळं मोजा, सिसप्लॅटिन दिल्यावर काही तासांत रक्तातलं ९० टक्क्यांच्या आसपास प्लॅटिनम प्रोटीनला चिकटलेलं असतं, आणि काम करतं ते मोकळं.

पडलेली औषधं सुरुवातीलाच अभ्यासा, त्यातून जे कळतं ते पास झालेल्यांतून कळत नाही. तीन प्लॅटिनमवालं बीबीआर-३४६४ सेल लाइनवर जबरदस्त होतं, फार कमी डोसला चालायचं, माणसांत फेज-टूमधे अडकलं. पिकोप्लॅटिन तर डोक्याने बनवलं होतं, एका अमोनियाच्या जागी मिथाइल-पिरिडिन, त्या मिथाइलच्या अडथळ्याने ग्लुटाथायोन जवळ येऊ नये म्हणून, केमिस्ट्री बरोबर होती पण फुफ्फुसाच्या स्मॉल सेल कॅन्सरमधे फेज-थ्रीला आयुष्य वाढल्याचं सिद्ध झालं नाही. सॅट्राप्लॅटिन म्हणजे तोंडाने घ्यायचं प्लॅटिनम-फोर, प्रोस्टेटच्या कॅन्सरमधे आजार पुढे सरकायला उशीर झाला, पण पेशंट जास्त जगले नाहीत, आणि तिथेच थांबलं. म्हणून सुरुवातीला लिहिलेल्या त्या एका वाक्याशेजारी आजच दुसरं लिहा: कुठल्या टेस्टमधे कुठला आकडा आला तर मी हा मॉलिक्यूल सोडून देईन. डेटा हातात येण्याच्या आधी लिहा, गाइडला दाखवा, तारीख टाका.